घटातली मूठभर माती आणि २७ गुंठ्यांची घळ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामांच्या रानात गेलो तेव्हा सगळ्यात आधी दिसला तो पाइप. चार इंची, राखाडी, बंधाऱ्याच्या पाण्यातल्या मोटारीपासून विहिरीपर्यंत गेलेला. पुरला तेव्हा चर तीन फूट खोल काढला होता. तो बुजवताना मीही फावडं ओढलं होतं. आता त्या पाइपचे बरेच तुकडे वाहून गेले होते आणि उरलेला एक तुकडा, वीस-बावीस फुटांचा, दोन्ही टोकांनी मातीत आणि मधे अधांतरी, माझ्या कमरेच्या उंचीवर होता. त्याच्याखालून वाकून मी पलीकडे गेलो. जिथे वाकलो ती जागा महिन्यापूर्वी जमिनीच्या सहा फूट खाली होती.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला आलेल्या पुरात करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर अशी नदीकाठची रानंच्या रानं खरडून गेली. हे लिखाण त्यातल्या एकाच रानाबद्दल आहे. मोहोळ तालुक्यात सीनेच्या डाव्या काठाला माझ्या मामांची साडेचार एकर जमीन आहे. त्यातले २७ गुंठे गेले. त्या २७ गुंठ्यांना लागूनच असलेल्या उसात मात्र नऊ इंच नवा गाळ येऊन बसला. आणि समोरच्या थडीला, थोडं खालच्या अंगाला, आबांच्या रानात दोन फूट वाळू. पूर एकच, रात्री त्याच. एका ठिकाणाहून नेलं आणि शंभर पावलांवर आणून टाकलं, हे कसं ठरलं ते मला शोधायचं होतं. मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवतो. खनन, वहन, निक्षेपण हे शब्द फळ्यावर कितीदा लिहिले असतील. इथे ते सुतळी आणि टेप घेऊन मोजायचे होते.

पाणी कुठलं

गावात पहिल्या दिवसापासून एकच वाक्य होतं, धरणवाल्यांनी एकदम पाणी सोडलं. निम्मे लोक त्यात उजनीचं नाव घेत होते. उजनी भीमेवर आहे, सीनेवर नाही. भीमा आणि सीना दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला एकत्र येतात, तोच संगम जिथे शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. दोन्ही नद्या एकाच वेळी भरल्या तर त्या संगमाच्या वरच्या गावांना फुगवटा बसतो, तिथे उजनीचा संबंध येतो. पण आमचं गाव त्याच्या पुष्कळ वर आहे. भीमा-सीना जोडबोगद्यातून उजनीचं पाणी सीनेत येतं हे खरं, पण ते उन्हाळ्यात पिकं जगवायला. पुराच्या मानाने ते पाणी किरकोळ.

सीनेचं पाणी येतं वरून. नदी निघते अहिल्यानगरजवळ, आणि तिला पाणी मिळतं ते आष्टी, भूम, परांडा, करमाळा या पट्ट्यातल्या ओढ्या-नद्यांचं. हा सगळा कमी पावसाचा मुलूख. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही पुष्कळसा सप्टेंबरातच. अशा मुलुखात नदीचं पात्र नेहमीच्या पाण्याच्या मापाचं असतं, आणि आमच्याकडे नेहमीचं पाणी म्हणजे वर्षातले कित्येक महिने नुसते डोह. घटस्थापना होती २२ सप्टेंबरला, सोमवारी. त्याच्या आगेमागे वरच्या तालुक्यांत जो पाऊस झाला तो आधीच्या पावसाने तुडुंब झालेल्या जमिनीवर पडला. जमीन पिऊन भरलेली असली की पुढचा पाऊस थेट ओढ्याला लागतो.

राहिलं सीनेवरचं धरण. सीना-कोळेगावची क्षमता साधारण सव्वापाच टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. इथे एक हिशेब प्रत्येक नदीकाठच्या घरात माहीत असावा असं मला वाटतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ११,५७४ क्युसेकने पाणी पूर्ण २४ तास वाहिलं की एक टीएमसी होतो. त्या दिवसांत सीनेतल्या विसर्गाचे आकडे लाखाच्या वर सांगितले जात होते. नुसता एक लाख धरला तरी दिवसाला साडेआठ टीएमसीपेक्षा जास्त पाणी. म्हणजे सीना-कोळेगाव तळापासून रिकामं असतं तरी १५ तासांत भरलं असतं, आणि सप्टेंबरअखेर ते रिकामं नसतंच. दरवाजे केव्हा आणि किती उघडावेत, खालच्या गावांना किती तास आधी कळवावं, यावर बोलायला जागा आहे आणि बोललंच पाहिजे. पण एवढं पाणी त्या धरणात मावणारं नव्हतं.

हा हिशेब मी मामांना वहीत मांडून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "आरं ते खरं आसंल. पण मग पाणी समद्यांच्याच रानात आलं. मातीच का माझीच गेली?"

प्रश्न बरोबर होता.

बंधाऱ्याची बगल

मामांचं रान नदीच्या वळणावर, बाहेरच्या अंगाला. रानाच्या वरच्या टोकाला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: नदीत आडवे दगडी किंवा काँक्रीटचे खांब, दोन खांबांमधल्या गाळ्यात लोखंडी बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायच्या. पावसाळा सरला की बर्गे टाकून पाणी अडवायचं, जूनमध्ये काढून ठेवायचे म्हणजे पूर गाळ्यांतून निघून जातो. सीनेवर असे कितीतरी बंधारे आहेत आणि काठचा ऊस बराचसा त्यांच्यावर उभा आहे.

या बंधाऱ्याच्या सात गाळ्यांमधले बर्गे जूनमध्ये निघालेच नव्हते. गंजून खाचेत अडकले होते. गावाने संबंधित कार्यालयात दोनदा अर्ज दिला होता, त्याच्या पोच असलेल्या प्रती मामांच्या पिशवीत आहेत. उरलेल्या गाळ्यांत पुराने वरून आणलेली बाभळीची झाडं, मुळासकट उपटलेला ऊस, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, एक अख्खा कडब्याचा ढीग असं सगळं येऊन रुतलं. नदीत खांबांचा पूल होता, त्याची भिंत झाली.

आणि भिंतीपुढे अडलेलं पाणी बगलेतून वाट काढतं. बंधाऱ्याची काठाकडची भिंत जिथे संपते तिथे मातीचा भराव असतो. आमच्या बाजूच्या भरावातून लोकांच्या पाइपलाइनी गेल्या आहेत, मी मोजल्या, चौदा. प्रत्येकासाठी चर खणला, पाइप टाकला, माती वरवर लोटली. धुम्मस मारून ती घट्ट कुणी केली नाही. त्यात मामांचाही एक पाइप. ते त्यांनी स्वतःच दाखवलं, न विचारता.

पूर सगळ्यात वर होता तेव्हाच्या रेघा अजून झाडांवर आहेत. वाळलेल्या चिखलाची तपकिरी कड. बंधाऱ्याच्या वरच्या बाभळीवरची रेघ आणि खालच्या विजेच्या खांबावरची रेघ यांत, पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी लावून पाहिली तेव्हा, दोन फुटांचा फरक निघाला. गवंडी लेव्हल धरतो तशीच. दोन फुटांवरून पडणारं पाणी सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास वेग घेऊ शकतं. मोकळी, भुसभुशीत माती अर्धा मीटर वेगालाच हलायला लागते. घट्ट चिकणमाती त्याच्या दुप्पट वेग सोसते, मुळांनी धरलेली गवताची जमीन त्याहून जास्त.

मामांनी त्या तुकड्यात उडीद केला होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला उडीद निघाला, पाऊस थोडा उघडला, वाफसा आला तसा त्यांनी रोटर मारून रान ज्वारीला तयार केलं. हस्ताच्या आसपास मालदांडी पेरायची ही आमच्याकडची जुनी रीत. म्हणजे पूर आला त्या आठवड्यात बंधाऱ्याच्या बगलेला लागूनच, वळणाच्या बाहेरच्या बाजूला, सहा इंच मोकळी केलेली, एक मूळ नसलेली काळी माती होती. मामांनी काही चुकीचं केलं नव्हतं. त्या दिवसांत, त्या नक्षत्राला रान तसंच असायला हवं होतं.

गुरुवारची रात्र

इथवर माझी समजूत अशी होती की पूर सगळ्यात वर असताना, त्या साडेतीन मीटरच्या धारेने रान ओरबाडलं. मी तसं मामींना सांगायला लागलो आणि त्यांनी मला अडवलं.

"आवो न्हाय," मामी म्हणाल्या. मामींना माझ्याशी बोलताना 'आवो' म्हणायची सवय आहे, मी मास्तर झाल्यापासून. "बेस्तरवारी सांजंला रान होतं की जाग्यावर. मी शाळंच्या गच्चीवरनं बघितलंय. पाणी उतरत व्हतं, मोटारीची पेटी दिसत व्हती, बांधावरची ल्हान बोर दिसत व्हती. सपाट रान, वर पोटरीएवढं पाणी. मी ह्यांना म्हनले बी, सुटलो."

मंगळवारी वस्तीत पाणी शिरलं तेव्हापासून दोघं गावातल्या शाळेत होते. गुरुवारी, २५ तारखेला, संध्याकाळी रान जागेवर. शुक्रवारी सकाळी पेटी नाही, बोर नाही, आणि रानात घळ. मधल्या रात्री शाळेत झोपलेल्या सगळ्यांनी नदीच्या बाजूने धबधब्यासारखा आवाज आणि अधूनमधून धप्प धप्प ऐकलं होतं. पाणी ओसरतंय म्हणून कुणी उठून पाहिलं नाही.

मामींच्या या सांगण्याने सगळं प्रकरण माझ्यासाठी उलटं फिरलं. मग मी घळीकडे पुन्हा नीट पाहिलं. घळ नदीच्या बाजूला रुंद आणि खोल, बंधाऱ्याच्या बगलेकडे अरुंद आणि उथळ. वरून आलेल्या धारेने रान ओरबाडलं असतं तर बगलेजवळच ती सगळ्यात खोल असती.

झालं असं असणार. पूर पूर्ण वर असताना रानातही पाणी आणि खालच्या नदीतही तेवढंच पाणी. रानातून नदीत परतणाऱ्या पाण्याला पडायला उंची नव्हती. ते जोरात वाहिलं, वरची सहा इंच मोकळी माती तेव्हाच गेली असेल, पण रान टिकलं. ओसरताना चित्र बदललं. बंधाऱ्याच्या खालची नदी भराभर उतरली. वरचं पाणी मात्र झाडोरा आणि अडकलेल्या बर्ग्यांमुळे तुंबूनच राहिलं आणि बगलेतून रानात येत राहिलं. आता तेच पाणी रानाच्या काठावरून सहा-आठ फूट खाली नदीत पडू लागलं. काठाच्या पायथ्याला खड्डा पडला, वरचा काठ ढासळला, धबधबा फूटभर मागे आला. पुन्हा खड्डा, पुन्हा ढासळ. अशी ती कड नदीकडून बंधाऱ्याकडे मागे सरकत गेली, आणि तिला सरळ रेघ दिली पाइपच्या चराने, कारण तिथली माती सगळ्यात सैल होती. २९० फूट लांबी एका रात्रीत. तासाला वीस-पंचवीस फूट.

पाणी ओसरताना काठ ढासळतात त्याला आणखी एक कारण आहे आणि ते सीनेच्या दोन्ही काठांना दिसतं. तीन-चार दिवस पाण्याखाली राहिलेली काळी माती आतून भिजून जड होते. नदी भरलेली असते तोवर नदीचं पाणीच काठाला टेकू देतं. नदी झपाट्याने उतरली की टेकू जातो, आतलं पाणी मात्र मातीत तसंच राहतं. मग काठ उभाच्या उभा, झाडासकट, नदीत बसतो. शाळेत ऐकू आलेले धप्प आवाज हेच. जिथे वाळू उपसून पात्र खोल झालंय तिथे काठ मुळातच उंच आणि उभे आहेत, तिथे हे जास्त.

शनिवारी-रविवारी, २७-२८ ला, नदी पुन्हा चढली. तेव्हा घळ तयारच होती. रुंदी तेव्हा वाढली.

मोजमाप असं केलं. दोन्ही बाजूंचे न हललेले बांध धरून सुतळी ताणली, दर दहा फुटांवर सुतळीपासून खाली टेप सोडला, अशा पाच ओळी. खोली सरासरी अडीच फूट, सगळ्यात जास्त सहा फुटांच्या वर. २७ गुंठे म्हणजे २९,४०३ चौरस फूट. गुणिले अडीच. ७३ हजार घनफूट, म्हणजे ७३५ ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास माती बसते. सातशे पस्तीस ट्रॉल्या.

उसात काय झालं

घळीच्या कडेला उभं राहिलं की पुढे दहा पावलांवर ऊस सुरू होतो. पूर्वहंगामी लागण, तोडीला आलेला. पहिल्या आठ-दहा सऱ्या लोळल्या होत्या, बाकीचा उभा, पण पात्यांवर चिखलाचा लेप आणि बऱ्याच ठिकाणी पोंग्यात गाळ. पोंग्यात गाळ बसला की शेंडा कुजतो. तरीही त्याच्या बुडाशी जमीन गेली नव्हती, वाढली होती.

फावड्याने एक उभा काप घेतला. खाली सरीतली जुनी काळी माती, तिच्यावर उसाचं कुजकं पाचट, त्याच्यावर दोन बोटं बारीक वाळू, मग चार-पाच इंच मऊ पोयटा, हातात घेतला तर ओल्या गव्हाच्या पिठासारखा, आणि सगळ्यात वर चिकट मातीचा पातळ थर, उन्हाने तडकून कडा वर वळलेला, पापडासारखा. पहिल्या सरीत हा सगळा ऐवज नऊ इंच, मधे चार इंच, शेवटच्या सऱ्यांत नुसता लेप.

ऊस म्हणजे पाण्याच्या वाटेत उभे असलेले हजारो खांब. पाणी त्यात शिरलं की वेग मोडतो, आणि वेग मोडला की पाण्याला जे पेलत नाही ते खाली पडतं, जाड आधी, बारीक नंतर. घरी करून बघता येईल अशी ही गोष्ट आहे म्हणून मी ती केली. आणि इथे मामींच्या घटाचा उपयोग झाला.

घळीतली मूळ माती कशी होती हे सांगणारी मूठभर मातीसुद्धा रानात उरली नव्हती. पण घटस्थापनेला मामी दरवर्षी त्याच तुकड्यातली माती आणतात, बांधाकडेची, काळी. २२ तारखेला सकाळीही आणली होती. घट गावातल्या घरात, उंचावर, तो वाचला. दसऱ्याला घट उठला तेव्हा मी फोन करून एक मूठ बाजूला ठेवायला सांगितलं होतं. ज्वारी-गव्हाच्या पिवळ्या धानाच्या मुळ्या तिच्यात गच्च विणल्या गेल्या होत्या. त्या सोडवायला मला अर्धा तास लागला, आणि मामी जवळ बसून बघत होत्या.

तीन काचेच्या बरण्या. एकीत घटातली माती, दुसरीत उसातला गाळ, तिसरीत आबांच्या रानातली वाळू. पाणी घालून खळखळून हलवल्या आणि ओट्यावर ठेवल्या. वाळू मिनिटाभरात खाली बसली, पाणी वर स्वच्छ. उसातला गाळ तासाभरात बराचसा बसला. घटातली माती निम्मी खाली, निम्मी पाण्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी चहासारखं, तिसऱ्या दिवशीही गढूळच. हिशेबही तेच सांगतो. पाव मिलिमीटरहून थोडा लहान वाळूचा कण संथ पाण्यात मीटरभर खाली यायला मिनिटभरही घेत नाही. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा पोयट्याचा कण पाऊण तास घेतो. आणि आणखी दहाव्या हिश्शाचा चिकणमातीचा कण तीन दिवसांहून जास्त, कण एकमेकांना चिकटून जड झाले नाहीत तर.

यातून मामांच्या मातीचं काय झालं ते कळतं. त्यांच्या ७३५ ब्रासमधला जाड भाग एक-दोन वळणांच्या आत कुठेतरी बसला असेल. काळी माती जिला आपण काळी म्हणतो तो बारीक अंश, जो ओल धरतो, खत धरतो, ज्याच्यावर पावसाशिवाय रब्बीची ज्वारी येते, तो कुठल्याच वळणावर बसण्याइतका वेळ नदीने दिला नाही. तो कुडलला भीमेत, भीमेतून रायचूरच्या बाजूला कृष्णेत गेला. पुढे श्रीशैलमच्या जलाशयात पाणी संथ होतं, तिथे तरी तो टेकेल. समुद्रापर्यंत फार थोडा पोचेल.

आणि उसात जो गाळ बसला तो मामांचा नाही. तो वरच्या कुणाचा तरी आहे.

आबांची वाळू

आबांचं रान वळणाच्या आतल्या अंगाला. वळणावर वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळतं, तिथून खाली बुडतं आणि तळाशी आतल्या काठाकडे सरकतं, येताना तळावरची वाळू ओढून आणतं. पातेल्यात डाळ धुताना हात गोल फिरवून थांबा, डाळ कडेला न जाता मधोमध गोळा होते, ते याच कारणाने. आइन्स्टाइन यांनी १९२६ साली चहाच्या पानांचा हाच दाखला घेऊन नद्यांच्या वळणांवर लिहिलं होतं. आबांच्या सोयाबीनवर दोन फूट वाळू आली ती अशी. त्यांची माती गेली नाही, गाडली गेली. वाळू काढली की खाली रान आहे. पण ती उचलायला परवानगी लागते आणि परवानगीची वाट बघत आबांचा रब्बी हंगाम गेला.

बुजवायची की नाही

मामांचा पहिला विचार साहजिक होता, खड्डा भरून काढायचा, पाझर तलावातला गाळ आणून. मी विरोध केला आणि आमचं त्यावर दोन दिवस वाजलं.

सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि मनरेगातून हेक्टरी तीन लाखांपर्यंतचं काम. २७ गुंठे म्हणजे पाव हेक्टरला थोडं जास्त. रोख वाट्याला येतात पावणेतेरा हजारांच्या आसपास. ७३५ ट्रॉल्यांना ते वाटले तर ट्रॉलीला साडेसतरा रुपये. मनरेगाचं धरलं तरी सगळं मिळून ९५ हजारांच्या आत. गाळ फुकट मिळाला तरी जेसीबीचं भाडं आणि डिझेल त्यात बसत नाही. क्षेत्रावर मोजलेली मदत आणि खोलीवर झालेलं नुकसान यांचा मेळ बसत नाही. पंचनाम्यात खोलीचा रकाना असायला हवा, ही माझी मागणी आहे आणि ती मी लेखी दिली आहे.

पण पैसे असते तरी मी आधी खड्डा भरू दिला नसता. बगल उघडी असताना टाकलेली माती म्हणजे पुन्हा रोटर मारलेलं रान, तेही अडीच ते सहा फूट खोल. पुढच्या मोठ्या पाण्याला ती एका रात्रीत जाईल. शिवाय घळीच्या तळाला आता चुनखडीचे खडे असलेली फिकी माती उघडी पडलीय. तिच्यावर वीतभर गाळ टाकून ऊस लावला तर केवडा पडून पिवळा होईल हे मामांनाही माहीत होतं.

शेवटी ठरलं ते असं. बंधाऱ्याचा भराव आणि त्याच्यावर दगडी पिचिंग हे ज्यांचं काम आहे त्यांनी करावं यासाठी चौदाही पाइपवाल्यांच्या सह्यांचा अर्ज, सोबत नळीने काढलेल्या पातळ्या आणि बर्ग्यांचे फोटो. पाइप एकाच चरातून, भरावापासून लांबून न्यायचे आणि चर थराथराने धुमसून बुजवायचे. हे आम्ही आमच्या खर्चाने केलं, चौदांपैकी अकरा जण आले. घळीचे उभे काठ जेसीबीने उतरते करून घेतले, कारण उभा काठ प्रत्येक पावसात ढासळतो. नदीकडच्या तोंडाला, जिथून ती कड मागे सरकली, तिथे जाळीत बांधलेल्या दगडांची कंबरभर भिंत घातली. दगड बांधाचेच होते, जाळी विकत. तिच्या मागे तीन ओळी वाळा लावला. वरच्या नऊ गुंठ्यांत, जिथे खोली फूटभरच आहे, उसातल्या पहिल्या सऱ्यांचा जादा पोयटा तोडीनंतर ओढून पसरला. तिथे मामा यंदा ताग करून गाडणार आहेत. खालचे अठरा गुंठे गवताला सोडले. यावर मामा अजून नाराज आहेत. ज्या रानात त्यांच्या वडिलांनी ज्वारी केली तिथे गवत बघणं त्यांना सोसत नाही, आणि मी त्यांना दुसरं काही सांगू शकलो नाही.

त्या अठरा गुंठ्यांत मी चार लोखंडी गज रोवलेत, इंचाइंचाला लाल रंगाच्या खुणा करून. पावसाळ्यात पाणी येऊन ओसरलं की मामी दर वेळी खूण वाचून मला फोनवर सांगणार आहेत, चढली की उतरली. पहिला आकडा वहीत लिहून झालाय. घटातली उरलेली माती, बरणीतून काढून वाळवलेली, मामींनी परत मागून घेतली आणि पहिल्या गजाच्या बुडाशी नेऊन टाकली.